एचआयव्हीची शंका आली तर: कोणत्या दिवशी, कोणती चाचणी, ठाणे-नवी मुंबईत कुठे

रात्री दोनला मोबाइलवर ‘एचआयव्ही लक्षणे’ शोधणाऱ्याला जी यादी मिळते, ती वाचून कुणालाही आपल्याला झालंय असंच वाटेल. ताप, घसा, थकवा, पुरळ, जुलाब, वजन घटणं, जिभेवर पांढरा थर. ठाण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या माणसाला यातलं निम्मं दर वर्षी होतच असतं. या यादीवरून निदान होत नाही, डॉक्टरांनाही करता येत नाही. निदान दोन गोष्टींवर होतं: संपर्क नेमका कोणत्या तारखेला आणि कसा झाला, आणि त्यानंतर कितव्या दिवशी कोणती चाचणी केली. म्हणून लक्षणं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कॅलेंडर काढा.

आधी बघा: ७२ तास उलटलेत का?

हा प्रश्न सगळ्यात पहिला, कारण याला मुदत आहे. कंडोम फाटला, निसटला, वापरलाच नाही, दुसऱ्याची वापरलेली सुई टोचली, किंवा जबरदस्ती झाली, आणि त्याला अजून ७२ तास झालेले नसतील, तर चाचणीच्या आधी पेप लागतं. पेप म्हणजे संपर्कानंतर संसर्ग रोखण्यासाठी घ्यायच्या गोळ्या. पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम. पहिल्या दिवशी सुरू झालेल्या गोळ्यांचा भरवसा तिसऱ्या दिवशी सुरू झालेल्यांपेक्षा जास्त. ७२ तासांनंतर त्या देत नाहीत, कारण तोवर विषाणूने शरीरात ठाण मांडलेलं असतं.

सध्याच्या सरकारी पद्धतीत साधारणपणे एकच गोळी असते: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. रोज एक, ठरलेल्या वेळी, सलग २८ दिवस. बऱ्याच जणांचा घोळ दुसऱ्या आठवड्यात होतो. मळमळ होते किंवा झोप लागत नाही, भीतीही थोडी ओसरलेली असते, आणि गोळ्या सुटतात. अर्धवट कोर्सला अर्थ नाही. गोळीने झोप उडत असेल तर ती सकाळी घ्या. ॲसिडिटीची पातळ औषधं, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिर शरीरात शोषू देत नाहीत. एचआयव्हीची गोळी त्यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा टीबीचं औषध चालू असेल तर तेही आधीच सांगा, मात्रा बदलावी लागते.

रात्री-अपरात्री किंवा रविवारी एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र, बंद असतं. तेव्हा मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं: कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय. काउंटरवर गोष्ट सांगत बसू नका. एवढंच म्हणा: “काल रात्री अकराला असुरक्षित संबंध आला, पेपसाठी आलोय, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना भेटायचंय.” वेळ आकड्यात सांगितली की समोरच्याला घाई कळते. इथे टाळाटाळ झाली तर वाद घालण्यात तास घालवण्यापेक्षा जनरल फिजिशियनकडून चिठ्ठी घ्या. ही औषधं मोठ्या खासगी रुग्णालयांच्या मेडिकलमध्ये मिळतात. पहिली गोळी घ्यायला रिपोर्टची वाट बघायची नसते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) यांसाठी रक्त त्याच वेळी देऊन ठेवायचं.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर कायद्याने कोणत्याही रुग्णालयाला, खासगीलाही, मोफत प्राथमिक उपचार द्यावेच लागतात. आधी पोलिसांत जा, मग या, असं म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

धोका खरंच होता का?

७२ तास उलटून गेले असतील तर पुढचा प्रश्न हा. एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीस्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून, आणि तोही शरीराच्या आतल्या ओल्या त्वचेशी किंवा थेट रक्ताशी गाठ पडली तरच. बाहेरच्या हवेत तो तग धरत नाही. त्यामुळे चुंबन, मिठी, मसाज पार्लरमध्ये हाताने झालेला स्पर्श, एकाच ताटात जेवण, सार्वजनिक शौचालय, डास, लोकलमधली गर्दी यांतून तो होत नाही. न्हाव्याच्या ब्लेडची भीती फार विचारली जाते. ब्लेड नवं असावं हा आग्रह योग्यच आहे, पण तो मुख्यतः हिपॅटायटिस बीसाठी. पाणीपुरीत, शीतपेयात किंवा केळ्यात रक्त मिसळल्याचे जे मेसेज दर दोन वर्षांनी फिरतात, ते डिलीट करा.

उरलेल्या संपर्कांत धोका किती, याचे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे अंदाज उपयोगी आहेत. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो औषधावर नाही आणि कंडोम नाही, असं धरून दर १०,००० संबंधांमागे: योनीमैथुनात पुरुषाला ४, स्त्रीला ८, गुदमैथुनात करणाऱ्याला ११, घेणाऱ्याला १३८. नशेची सुई वाटून घेतल्यास ६३. रुग्णालयात काम करताना सुई टोचल्यास २३. मुखमैथुनाचा धोका इतका कमी की नेमका आकडा देणंच कठीण जातं.

हे आकडे वाचून लगेच निर्धास्त व्हायचं नाही, कारण ते सरासरीचे आहेत. दोघांपैकी कुणाला गुप्तांगावर जखम किंवा फोड असतील, किंवा समोरच्याला नुकताच संसर्ग झालेला असेल, तर धोका कितीतरी वाढतो. उलट जोडीदार नियमित एआरटीवर असेल आणि त्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत मोजता येणार नाही इतका कमी झाला असेल, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. आपल्याकडे मात्र अजून पचलेलं नाही.

समोरच्या व्यक्तीबद्दल ‘ती चांगल्या घरची वाटत होती’ किंवा ‘त्याने रिपोर्ट दाखवला होता’ हे हिशेबात धरू नका. कधीचा रिपोर्ट, कोणती चाचणी, त्यानंतर काय झालं, हे आपल्याला माहीत नसतं.

लक्षणांचं काय करायचं

संसर्ग झाल्यावर बऱ्याच जणांना दोन ते चार आठवड्यांत फ्लूसारखा आजार होतो. ताप, घसा दुखणं, मानेत-काखेत-जांघेत अवधाण (सुजलेल्या गाठी), अंगदुखी, छाती-पाठीवर न खाजणारं लालसर पुरळ, तोंड येणं, रात्री घाम, कधी जुलाब. हे सगळं किंवा यातलं बरंचसं एकदम येतं आणि काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप जातं. काहींना काहीच होत नाही. म्हणजे लक्षणं आली म्हणून एचआयव्ही आहे असं नाही, आणि नाही आली म्हणून सुटलो असंही नाही. चाचणी दोन्ही बाजूंनी करावीच लागते.

काही गोष्टी मात्र शंका कमी करतात. दुसऱ्याच दिवशी आलेला ताप एचआयव्हीचा नसतो, इतक्या लवकर तो येत नाही. वाहतं नाक आणि कफाचा खोकला हे त्याचं नेहमीचं रूप नाही. फक्त जिभेला चरचर, फक्त पायाला मुंग्या, फक्त थकवा, असं सुटं लक्षण महिनोन्महिने राहत असेल तर कारण बहुधा दुसरं असतं. मानेतली गाठ दिवसातून वीस वेळा दाबून बघितली तर ती दुखायला लागते, थोडी सुजतेही. चिंतेने पोट बिघडतं, भूक मरते, वजन उतरतं, रात्री घाम येतो. एचआयव्हीच्या यादीतलं अर्धं काम चिंताच करते.

आता पावसाळ्याची अडचण. समजा संपर्क १० जुलैला झाला. सुरुवातीचा आजार आलाच तर तो २४ जुलै ते ७ ऑगस्टच्या आसपास येईल. नेमके हेच दिवस ठाणे-नवी मुंबईत डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे. डेंग्यूतही ताप, अंगदुखी, पुरळ. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, सुरुवातीच्या एचआयव्हीतही उतरू शकतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. अशा वेळी डोक्यात फक्त एचआयव्ही घेऊन बसलेला माणूस घरीच राहतो आणि ज्या आजाराने आठवड्यात जीव धोक्यात येऊ शकतो, त्याची तपासणी राहून जाते. ताप दोन दिवसांवर गेला की डॉक्टरकडे जा; डेंग्यूची एनएस१, मलेरियाची चाचणी आणि सीबीसी होऊ द्या. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर तेही सांगा, लेप्टोसाठी ते महत्त्वाचं आहे. डेंग्यूची शक्यता असताना ताप उतरवायला पॅरासिटामॉलच; आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. आणि एक वाक्य धीर करून बोलाच: “डॉक्टर, तीन आठवड्यांपूर्वी असुरक्षित संबंध आला होता, त्या बाजूनेही बघा.” फॅमिली डॉक्टर वडिलांचे मित्र असतील तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा, पण वाक्य गाळू नका.

वर्षानुवर्षांच्या न कळलेल्या संसर्गाची लक्षणं वेगळी असतात: महिन्यावर चाललेले जुलाब, तोंडात खरवडलं तरी न जाणारा पांढरा थर, तरुण वयात नागीण, टीबी, कारणाशिवाय दहा टक्क्यांवर घटलेलं वजन. यातलं काही असेल तर दिवस मोजत बसायचं कारण नाही, चाचणी आजच.

कितव्या दिवशी कोणती चाचणी

संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतचा जो काळ, त्याला विंडो पिरियड म्हणतात. चाचणी काय शोधते यावर तो ठरतो.

चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली चाचणी विषाणूचं पी२४ हे प्रथिनही शोधते आणि शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीही. खासगी लॅबमध्ये ती ‘एचआयव्ही कॉम्बो’, ‘एचआयव्ही ड्युओ’ किंवा ‘एचआयव्ही १ व २ अँटिजेन-अँटिबॉडी’ या नावांनी मिळते. १८ ते ४५ दिवसांत ती संसर्ग पकडते. २८ व्या दिवसाचा निगेटिव्ह रिपोर्ट बराच दिलासा देतो, ४५ दिवस पूर्ण झाल्यावरचा निगेटिव्ह पक्का.

रॅपिड चाचणी, म्हणजे पट्टीवर किंवा छोट्या डबीत रेघ अथवा ठिपका उमटणारी, बहुतेक वेळा फक्त अँटिबॉडी शोधते. तिला २३ ते ९० दिवस लागतात, म्हणून तिचा पक्का निकाल ९० दिवसांनंतर. सरकारी केंद्रांत याच वापरतात. ‘ट्रायडॉट’ लिहिलेला रिपोर्टही बहुधा याच गटातला.

विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय भाग, शोधणारी पीसीआर चाचणी १० ते ३३ दिवसांत संसर्ग दाखवू शकते. पण ती महाग आहे, आणि व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी, जी चाचणी सहज मिळते ती उपचारावरच्या रुग्णांसाठी बनवलेली. निरोगी माणसात ती कधी कधी उगाच थोडा विषाणू ‘दाखवते’. पेपची वेळ गेली आहे, धोका मोठा होता, लक्षणंही जुळतात, असं असेल तेव्हाच डॉक्टरांच्या सल्ल्याने ती करावी.

वरच्याच उदाहरणात तारखा अशा पडतात. संपर्क १० जुलै. पेपची मुदत १३ जुलैला त्याच वेळी संपली. पहिली कॉम्बो चाचणी ७ ऑगस्टला, पक्की २४ ऑगस्टला. सरकारी केंद्रात रॅपिड करणार असाल तर पक्की ८ ऑक्टोबरला. पेप घेतलं असेल तर दिवस शेवटच्या गोळीपासून मोजायचे, कारण औषधाने अँटिबॉडी उशिरा बनू शकतात: ११ जुलैला सुरू, ७ ऑगस्टला शेवटची गोळी, तर कॉम्बो २१ सप्टेंबरला. सरकारी समुपदेशक सहा आठवडे, तीन महिने, कधी सहा महिने अशा तारखा देतात. ते सांगतील तेव्हा जा.

एक चाचणी मात्र लगेच करून घ्यावी, संपर्कानंतर पहिल्याच आठवड्यात. ती या संपर्काबद्दल काही सांगत नाही, पण आधीपासून काही होतं का हे कळतं. नाहीतर पुढे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कोणत्या संपर्कातून, हा गोंधळ कायम राहतो.

सीबीसी, ईएसआर, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) या निदानाच्या चाचण्या नाहीत. सीडी४ साध्या व्हायरल तापातही उतरतो. ‘फुल बॉडी चेकअप नॉर्मल आला’ याचाही एचआयव्हीशी संबंध नाही. पॅकेजमध्ये ही चाचणी होती का ते आधी वाचा. ऑनलाइन मागवलेल्या किटवर निर्णय घेऊ नका. कुरिअरमध्ये ते किती तापमानात राहिलं ते माहीत नसतं, आणि दिलेल्या वेळेनंतर बघितलं की सुकलेल्या पट्टीवर पुसट रेघ दिसते आणि माणूस घाबरून जातो.

आणि तपासणी फुकटात होते म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. मंडळाच्या शिबिरांत असं करणारे असतात. विंडो पिरियडमधलं रक्त ब्लड बँकेच्या चाचणीतून निसटू शकतं आणि पिशवी दुसऱ्या कुणाला चढते. संक्रमित रक्त चढलं तर दहापैकी नऊहून जास्त जणांना संसर्ग होतो.

कुठे जायचं

सरकारी चाचणी होते आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात. चाचणी मोफत असते. ठाण्यात सिव्हिल आणि कळव्याचं पालिका रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची पालिका रुग्णालयं हे सोयीचे पर्याय. सिव्हिलच्या पुनर्बांधणीमुळे विभाग हलवले गेले आहेत, तेव्हा जुन्या पत्त्यावर जाण्याआधी १०९७ वर विचारून घ्या. हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत नंबर आहे. जवळचं केंद्र, वेळ, पेप कुठे मिळेल, सगळं विचारता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर सरळ गाव बदला. ठाणेकराने ट्रान्स-हार्बरने वाशी गाठावं, वाशीकराने कळवा. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास आहे आणि आयसीटीसीला तुम्ही कोणत्या महापालिकेचे रहिवासी याच्याशी काही देणंघेणं नाही. सकाळी ओपीडीच्या वेळेत, शक्यतो दहाच्या आत पोचा. सोमवारी गर्दी सगळ्यात जास्त. उपाशी राहायची गरज नाही.

केस पेपर काढायला सांगितला तर खिडकीवर ‘रक्त तपासणी, आयसीटीसी’ एवढंच बोला. खोली सापडली नाही तर वॉर्डबॉयला ‘एचआयव्हीची खोली कुठे’ असं विचारायची हिंमत होत नाही, हे समजण्यासारखं आहे. ‘आयसीटीसी’ म्हटलं की पुरतं. गर्भवती बायका, ऑपरेशनच्या आधी आलेले, टीबीचे रुग्ण असे सगळेच तिथे रांगेत असतात. त्या बाकावर बसलेल्याकडे बघून कुणाला काही कळत नाही.

आत समुपदेशक आधी बोलतो: कधी, कसा संपर्क, कंडोम होता का, लग्न झालंय का. उत्तरं खरी द्या, कारण पुढच्या चाचणीची तारीख त्यावरच ठरते. मग संमतीपत्रावर सही. चाचणीसाठी आधार कार्ड सक्तीचं नाही. एक ओळख क्रमांक मिळतो, ती चिठ्ठी सांभाळा. हाताच्या शिरेतून थोडं रक्त घेतात आणि रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी समुपदेशक समोर बसवून देतो. फोनवर सांगत नाहीत, भावाच्या किंवा बायकोच्या हातातही देत नाहीत. १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागते.

तिथेच सिफिलिसची चाचणीही करून घ्या, आणि हिपॅटायटिस बी-सीची विचारा. जखम, फोड, स्राव, लघवीला जळजळ असेल तर त्याच रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक गाठा, गुप्तरोगांचा उपचार तिथे होतो. एचआयव्हीच्या भीतीत सिफिलिसची न दुखणारी जखम दुर्लक्षित राहणं, हा नेहमीचा प्रकार.

खासगी लॅबचा फायदा म्हणजे चौथ्या पिढीची चाचणी, त्यामुळे ४५ दिवसांत प्रश्न मिटतो. लॅबला पैसे देण्याआधी विचारा: “ही फक्त अँटिबॉडीची आहे की पी२४ सकट?” काउंटरवरच्याला सांगता आलं नाही तर चाचणीचं पूर्ण नाव लिहून मागा. घरी रक्त घ्यायला बोलावलं तर रिपोर्ट कोणत्या नंबरवर येणार ते नीट बघा. घरातल्या सगळ्यांच्या चाचण्या एकाच मोबाइल नंबरवर नोंदलेल्या असतात आणि रिपोर्ट नेमका बायकोच्या किंवा आईच्या व्हॉट्सॲपवर जातो. बुकिंग करतानाच स्वतःचा नंबर आणि ईमेल द्या.

रिपोर्ट वाचताना

कॉम्बोच्या रिपोर्टवर साधारण अशी ओळ असते: ‘एचआयव्ही १ व २ अँटिबॉडी आणि पी२४ अँटिजेन: ०.१८. नॉन-रिॲक्टिव्ह: १.०० पेक्षा कमी.’ यातला ०.१८ हा विषाणूचा आकडा नाही, यंत्राने मोजलेल्या प्रकाशाचं कट-ऑफशी, म्हणजे ठरवलेल्या सीमेशी, गुणोत्तर आहे. एकाखाली सगळं नॉन-रिॲक्टिव्ह. मागच्या महिन्यात ०.१२ होता आणि आता ०.३१ झाला म्हणजे ‘वाढतोय’, असं समजून दोन-दोन लॅब पालथ्या घालणारे खूप आहेत. तोच नमुना त्याच यंत्रावर पुन्हा लावला तरी आकडा बदलतो. शब्द वाचा आणि तारीख वाचा. नमुना ४५ व्या दिवसानंतरचा आहे ना, मग झालं.

रिॲक्टिव्ह आलं तर? रिॲक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, अजून तपासायचं आहे. साधा हिशेब करून बघा. ज्या गटात हजारी दोघांना संसर्ग आहे अशा १०,००० जणांची चाचणी केली आणि ती ९९.५ टक्के वेळा निरोगी माणसाला निरोगी म्हणते असं धरलं, तर खरे पॉझिटिव्ह २० आणि खोटे रिॲक्टिव्ह जवळपास ५०. चाचणी उत्तम असूनही असं होतं. गरोदरपण, नुकतीच घेतलेली लस, काही संधिवातासारखे आजार यांनीही खोटी प्रतिक्रिया येऊ शकते. १.३ किंवा २ असा कट-ऑफला चिकटून आलेला आकडा बऱ्याचदा खोटा निघतो, पण संपर्क ताजा असेल तर तो खऱ्या संसर्गाची सुरुवातही असू शकते. म्हणून तर्क करत बसू नका, तो रिपोर्ट घेऊन आयसीटीसीत जा.

तिथे तीन वेगवेगळ्या किटची पद्धत आहे. पहिलं नॉन-रिॲक्टिव्ह आलं तर निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह आलं तर आणखी दोन, वेगळ्या बनावटीची. तिन्ही रिॲक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह. पहिलं रिॲक्टिव्ह आणि उरलेली दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह असतील तर निगेटिव्ह. दोन रिॲक्टिव्ह आणि एक नाही, असं अधांतरी आलं तर १४ ते २८ दिवसांनी पुन्हा रक्त. हे दोन-चार आठवडे सगळ्यात जड जातात. तेवढ्यात संबंध कंडोमसहच, रक्तदान नाही, आणि अंगावर पिणारं बाळ असेल तर लगेच डॉक्टरांशी बोलायचं.

तिन्ही पॉझिटिव्ह आले तर समुपदेशक एआरटी केंद्राची चिठ्ठी देतो. खासगी लॅबचा रिपोर्ट असला तरी साधारणपणे आयसीटीसीतून खात्री झाल्यावरच तिथे नोंदणी होते. नोंदणीला ओळखपत्र आणि फोटो लागतो. सीडी४ कितीही असो, औषध सगळ्यांना सुरू होतं, आणि ते मोफत असतं. २०१७ पासून हेच धोरण आहे. आधी टीबीची लक्षणं विचारतात, मूत्रपिंड-यकृताच्या चाचण्या होतात. बहुतेकांना तीच वर सांगितलेली रोजची एक गोळी. सहाव्या महिन्यात व्हायरल लोड बघतात. वेळेवर निदान झालेला आणि गोळ्या न चुकवणारा माणूस जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगतो. जोडीदाराचीही चाचणी करावी लागते. ते कसं सांगायचं यासाठी समुपदेशकाची मदत मागा, तो दोघांना एकत्र बसवतो.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७, हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार, काही अपवाद वगळता, संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार किंवा नोकरी नाकारता येत नाही. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातली कंपनी असो की ऐरोलीचं आयटी पार्क, नोकरीवर घेण्याची अट म्हणून ही चाचणी मागता येत नाही. मेडिकलच्या फॉर्मवर सही करण्याआधी चाचण्यांची यादी वाचा.

निगेटिव्ह आलं, तरी भीती जात नसेल तर

मुदतीनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात असताना पाचव्या लॅबचा शोध सुरू असेल, तर प्रश्न आता विषाणूचा राहिलेला नाही. ‘माझ्यात अँटिबॉडी बनतच नसतील तर’, ‘नवीन प्रकारचा विषाणू असेल तर’, ‘नमुना बदलला असेल तर’, हे प्रश्न कितीही चाचण्यांनी मिटत नाहीत. प्रत्येक रिपोर्ट दोन-चार दिवस पुरतो. बऱ्याचदा मुळाशी त्या रात्रीबद्दलची अपराधी भावना असते, लग्न ठरलेलं असतं किंवा बायको गरोदर असते. ती गोष्ट बोलायला समुपदेशक चालतो, मानसोपचारतज्ज्ञ त्याहून चांगला. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडीही आहे. तिथे गेल्यावर “मला एचआयव्ही तर नाही ना” असं सुरू न करता सांगा: “अमुक तारखेचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तरी मी दिवसातून इतक्या वेळा गाठ तपासतो, इतके तास मोबाइलवर शोधतो, झोप इतकीच होते.” या आकड्यांवरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवा, म्हणजे तेच रक्त पुन्हा द्यावं लागणार नाही.